मारिओची उडी : अर्ध्या सेकंदाचे भौतिकशास्त्र

१३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमधील निन्टेन्डो कंपनीने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा व्हिडिओ गेम विक्रीस आणला. २०२५ मध्ये या घटनेस ४० वर्षे पूर्ण झाली. या काळात संगणकाची शक्ती लाखो पटींनी वाढली, पडद्यावरील चित्रे छायाचित्रांशी स्पर्धा करू लागली. तरीही हा खेळ पहिल्यांदाच हाती घेणारे मूल आजही दोन-चार मिनिटांत त्यात रंगून जाते. चित्रे चौकोनी ठोकळ्यांची, कथा एका वाक्याची, आवाज पिपाणीसारखा. मग खेळणाऱ्याला धरून ठेवते ते काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

जाणकारांचे उत्तर ठरलेले असते : नियंत्रण. बटण दाबताच पडद्यावरील पात्र ज्या रीतीने धावते, घसरते, झेप घेते आणि खाली येते, त्या हालचालीचे हाताशी जुळलेले नाते. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. नियंत्रण ‘चांगले’ असते म्हणजे नेमके काय असते? सुदैवाने मारिओच्या बाबतीत हे आकड्यांत सांगता येते. या खेळाची संपूर्ण आज्ञावली अभ्यासकांनी ओळीओळीने उलगडून ठेवलेली आहे. ती पाहिली असता दिसते ते असे, की मारिओची उडी खऱ्या उडीची नक्कल नाही. निसर्गाचे नियम तिथे सोयीनुसार वाकवलेले आहेत, आणि ते वाकवण्याचे प्रमाण मात्र कमालीच्या काटेकोरपणे ठरवलेले आहे.

साठावा भाग सेकंद

हा खेळ ज्या यंत्रासाठी लिहिला गेला ते ‘फॅमिकॉम’ जुलै १९८३ मध्ये जपानी बाजारात आले. जपानबाहेर त्याला ‘एनईएस’ हे नाव मिळाले. त्याचा प्रोसेसर सुमारे १.७९ मेगाहर्ट्‌झ गतीचा, कामापुरती स्मृती अवघी २ किलोबाइट. सुपर मारिओ ब्रदर्सची कॅसेट सगळी मिळून ४० किलोबाइटची. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रास याच्या कित्येक पट जागा लागते.

जपान आणि अमेरिकेतील टीव्हीवर सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र नव्याने उमटत असे. अशा एकेका चित्रास फ्रेम म्हणतात. दोन फ्रेमच्या मधल्या वेळात, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंदांत, यंत्राला सगळी कामे उरकावी लागत : कोणते बटण दाबले आहे ते पाहणे, मारिओची नवी जागा काढणे, तो विटेला किंवा शत्रूला लागला का हे तपासणे, आणि पुढच्या चित्राची तयारी करणे. पूर्ण चित्र साठवून ठेवण्याइतकी स्मृतीच नसल्यामुळे टीव्हीतील इलेक्ट्रॉन शलाका काचेवरून ओळीमागून ओळ सरकत असताना यंत्र त्याच क्षणी ती ओळ तयार करून देत असे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतही ती अडकून पडण्यास जागा नव्हती. परिणामी बोटाने बटण दाबल्यापासून डोळ्यांना परिणाम दिसेपर्यंत एखाद-दुसऱ्या फ्रेमचाच अवधी जाई.

या तत्परतेचे श्रेय बऱ्याचदा अभियंत्यांच्या दूरदृष्टीला दिले जाते. प्रत्यक्षात ती गरिबीची देणगी होती. उशीर करायचा तर काहीतरी साठवावे लागते, आणि साठवायला जागा नव्हती.

हातातील कंट्रोलरचाही येथे उल्लेख केला पाहिजे. अधिक चिन्हाच्या आकाराचे दिशादर्शक बटण ही निन्टेन्डोचे अभियंते गुनपेई योकोई यांची कल्पना. १९८२ मधील ‘डाँकी काँग’ या हातात मावणाऱ्या छोट्या खेळासाठी त्यांनी ती वापरली आणि पुढे तीच फॅमिकॉमवर आली. आर्केडमधील दांडा हलवायला मनगट लागते. या बटणास अंगठ्याचे टोक पुरते. शिवाय अंगठा कुठे टेकला आहे हे न पाहता कळते. नजर पडद्यावरून हलवावी लागत नाही, ही साधी गोष्ट पुढच्या सगळ्या डोलाऱ्याचा पाया आहे.

चढताना हलका, उतरताना जड

आता प्रत्यक्ष उडीकडे वळू. खेळातील प्रत्येक वीट १६ पिक्सेल उंचीची आहे. मारिओ जागच्या जागी उभा असताना उडीचे बटण दाबले, की त्याला वरच्या दिशेने प्रत्येक फ्रेमला ४ पिक्सेल हा आरंभीचा वेग मिळतो. त्यानंतर दर फ्रेमला या वेगातून पिक्सेलचा आठवा भाग वजा होत जातो. हे झाले गुरुत्वाकर्षण. ३२ फ्रेमनंतर वेग शून्यावर येतो, आणि तोवर मारिओ सुमारे ६४ पिक्सेल, म्हणजे बरोबर चार विटा वर गेलेला असतो. वेळ लागतो अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक.

येथपर्यंतचे गणित शालेय पुस्तकातील आहे. वर फेकलेल्या चेंडूचे उदाहरण आपण सर्वांनी सोडवलेले असते : हवेचा विरोध सोडला तर जितका वेळ वर जायला, तितकाच खाली यायला. मारिओ हा नियम पाळत नाही. शिखर ओलांडताच त्याच्यापुरते गुरुत्वाकर्षण बदलते. पिक्सेलच्या आठव्या भागाऐवजी आता दर फ्रेमला सातसोळांश पिक्सेल मोजले जातात. म्हणजे उतरणारा मारिओ चढणाऱ्या मारिओपेक्षा साडेतीन पट जड असतो. खाली येण्याचा वेग वाढत वाढत दर फ्रेमला ४ पिक्सेलवर पोहोचला की तिथेच थांबवला जातो. अन्यथा उंचावरून पडणारा मारिओ डोळ्यांना दिसणारच नाही. हिशेब केला तर चार विटांवरून जमिनीवर यायला साधारण २१ फ्रेम लागतात, म्हणजे एकतृतीयांश सेकंद.

असे का केले असावे, याचे उत्तर खेळणाऱ्याच्या मनात शोधावे लागते. वर जाताना तो विचार करत असतो : कुठे उतरायचे, शत्रू कुठवर आला, आणखी उंची हवी का. हा वेळ त्याला हवा असतो. शिखरावर निर्णय झालेला असतो. त्यानंतरचा प्रत्येक क्षण केवळ वाट पाहण्याचा असतो, आणि वाट पाहणे कंटाळवाणे. म्हणून ते आखडते घेतले आहे.

याच युक्तीतून आणखी एक सोय साधली आहे. जड गुरुत्वाकर्षण शिखरावर तर लागू होतेच. पण त्याआधी बटण सोडले तर त्याच क्षणापासून लागू होते. बटण क्षणभर टेकवले तर छोटी उडी, दाबून धरले तर पूर्ण उडी, आणि या दोहोंच्या मधील हव्या त्या उंचीच्या उड्या. वीजेवर चालणारे बटण खरे तर दोनच अवस्था जाणते, दाबलेले आणि सोडलेले. तरीही खेळणाऱ्यास वाटते की आपण जोर कमी-जास्त करत आहोत. पुष्कळ मुले उंच उडीसाठी बटण अधिक ताकदीने दाबतात, काहीजण तर कंट्रोलरच वर उचलतात. घरातील मोठी माणसे त्यांना हसतात. पण ही त्या उडीला मिळालेली पावतीच समजली पाहिजे.

धावत घेतलेल्या उडीसाठी आकड्यांचा वेगळा संच आहे. तिचा आरंभीचा वेग दर फ्रेमला ५ पिक्सेल, गुरुत्वाकर्षण थोडे अधिक, आणि उंची चारऐवजी पाच विटा. सावकाश चालत घेतलेल्या उडीसाठी तिसरा संच आहे. हे सारे ज्या प्रोसेसरवर चालते त्याला गुणाकार आणि भागाकाराच्या आज्ञाच ठाऊक नाहीत. तो बेरीज करतो, वजाबाकी करतो, आकडे एका घराने सरकवतो. म्हणून पिक्सेलचे बारीक भाग करून दर फ्रेमला एक लहानशी बेरीज, एवढ्यावर सगळे भागवले आहे.

जमिनीवर जडत्व, हवेत सुकाणू

आडव्या हालचालीत हाच समतोल उलट्या बाजूने साधलेला आहे. चालताना मारिओची कमाल गती फ्रेमला सुमारे दीड पिक्सेल, धावण्याचे बटण धरल्यास सुमारे अडीच. ही गती एकदम येत नाही; पूर्ण वेग पकडायला पाऊण सेकंद जातो. धावता धावता उलटी दिशा दाबली तर तो बूट घासत घसरतो आणि मगच वळतो. जडत्वाचा हा अनुभव खऱ्यासारखा आहे, आणि त्यामुळे खेळणाऱ्यास दोन पावले पुढचा विचार करावा लागतो.

हवेत मात्र मारिओ दिशा बदलू शकतो. कोणताही माणूस अधांतरी असताना माघारी फिरू शकत नाही. पण ही मुभा नसती तर चुकीच्या अंदाजाने घेतलेली प्रत्येक उडी म्हणजे निश्चित मृत्यू ठरला असता. निन्टेन्डोच्याच १९८१ मधील ‘डाँकी काँग’मध्ये नेमके तसेच होते. त्या खेळात पिंप ओलांडणारा हाच नायक एकदा उडाला की ठरलेल्या कमानीतूनच खाली येई, आणि स्वतःच्या उंचीहून अधिक पडला तर मरे. चारच वर्षांत त्याच मारिओच्या हाती हवेतले सुकाणू आले. मात्र ते पूर्ण सैल सोडलेले नाही. दिशेचे बटण सोडले तरी हवेतील वेग तसाच राहतो, घटत नाही. थांबायचे तर उलट दिशा दाबून तो मोडावा लागतो.

खेळणाऱ्याच्या बाजूने काही पक्षपातही करून ठेवले आहेत. शत्रूशी टक्कर मोजताना लहान मारिओची जी चौकट धरली जाते ती त्याच्या चित्रापेक्षा लहान आहे : १६ बाय १६ पिक्सेलच्या आकृतीत ती १० बाय १२ च्या आसपास भरते. टोपीला चाटून गेलेले कासव म्हणूनच लागत नाही. शिवाय ही तपासणी दर दोन फ्रेममधून एकदाच होते. ‘थोडक्यात वाचलो’ या भावनेचा मोठा वाटा अशा लपवलेल्या दयाळूपणात आहे.

आकडे कितीही उत्तम असले तरी त्यांच्या मापाची जमीन नसेल तर ते वाया जातात. शिगेरू मियामोतो, ताकाशी तेझुका आणि आज्ञावली लिहिणारे तोशिहिको नाकागो यांचे यश या जुळणीत आहे. पहिल्या पातळीवर लागोपाठ येणारे हिरवे नळ आठवून पाहावेत. पहिला दोन विटांइतका उंच, दुसरा तीन, तिसरा चार. उभ्या उडीची कमाल उंचीही चार विटाच. तिसऱ्या नळावर चढायचे तर बटण शेवटपर्यंत धरून ठेवावेच लागते, आणि हे कुठेही लिहून सांगितलेले नाही. त्याच पातळीच्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने आहेत. त्यांच्या मधोमध साधी जमीन आहे, चुकले तर पुन्हा चढायचे. थोडे पुढे तसेच दोन जिने पुन्हा येतात, आणि तेव्हा मध्ये खड्डा असतो. उडी आधी बिनधोक ठिकाणी घोटवून घ्यायची आणि मग तिचीच परीक्षा घ्यायची, ही चांगल्या तालीममास्तराची पद्धत.

दुसऱ्या घराण्यांची गोष्ट

मारिओची रीत हीच एकमेव योग्य रीत, असे मानण्याचे कारण नाही. १९८६ मधील ‘कॅसलव्हेनिया’त उडी घेतल्यावर दिशा बदलता येत नाही. १९८७ मधील ‘मेगा मॅन’मध्ये जडत्व जवळजवळ नाहीच, बटण सोडले की नायक थबकतो. भारतातील मुलांनी ज्यावर सुट्याच्या सुट्या घालवल्या त्या ‘काँट्रा’मध्ये उडीची उंची कायम एकच, पण हवेत हवे तिकडे वळता येते, आणि एका गोळीत प्राण जात असूनही तो खेळ अन्यायी वाटत नाही तो याच कारणाने. या सर्वांत समान सूत्र एकच आहे : आज्ञा आणि परिणाम यांचे नाते कधी बदलत नाही. सकाळी जी उडी जिथे पोहोचली, ती संध्याकाळीही तिथेच पोहोचते.

१९९१ मध्ये सेगा कंपनीने आणलेल्या ‘सॉनिक’ची गोष्ट थोडी वेगळी. आज्ञावलीकार युजी नाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात उतारांचे भौतिकशास्त्र आणले. जमिनीचा कोन पाहून वेगात भर किंवा घट होते, आणि पुरेसा वेग असेल तर सॉनिक वर्तुळाकार मार्गावर उलटा होऊनही धावतो. सपाट जमिनीवर पूर्ण वेग पकडायला त्याला सुमारे दोन सेकंद लागतात. म्हणून जाहिरातीत वेगाचा राजा असलेला हा साळू पहिल्या अडथळ्यापाशी थांबला की चक्क सुस्त भासतो. प्रस्तुत लेखकास सॉनिकचे कौतुक आहे, पण प्रेम मारिओवरच आहे, हे येथेच कबूल करणे बरे.

सर्वांत रोचक विरोध ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा. जॉर्डन मेक्नर यांनी आपल्या धाकट्या भावाचे धावतानाचे आणि उड्या मारतानाचे चित्रीकरण केले, त्यातील एकेक चित्र गिरवले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली तयार केल्या. १९८९ मध्ये तो खेळ पाहिलेल्यांना पडद्यावर खरा माणूस हलत असल्याचा भास झाला. परंतु खऱ्या माणसाला पाऊल पुरे करावे लागते. राजपुत्रही ते पुरे करतो, आणि तोवर खेळणाऱ्याच्या बटणाकडे लक्ष देत नाही. दरीच्या काठावर शिफ्टचे बटण धरून एकेक पाऊल टाकणे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याचा अर्थ लगेच उमगेल. हालचाल जितकी खरी, तितका हात परका. येथे ही उणीव नव्हती. तुरुंगातून जपून वाट काढणाऱ्या माणसाची धास्ती त्यातूनच निर्माण झाली. मात्र सुंदर हालचाल आणि तत्पर हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या खेळाने स्पष्ट केले.

डेव्हच्या वेषातला मारिओ

भारतात शाळेच्या संगणक कक्षात ज्यांनी ‘डेंजरस डेव्ह’ खेळला, त्यांची संख्या मोठी आहे. लाल टोपीचा हा ठेंगणा नायक जॉन रोमेरो यांनी १९८८ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी तयार केला आणि १९९० मध्ये तो डॉसवर आला. तो मारिओचा लांबचा भाऊ वाटतो, हे खरेच. पण या नात्याचा पुढचा भाग अधिक नाट्यमय आहे.

त्या काळच्या पीसीवर चित्र सलगपणे सरकवणे जमत नसे. निन्टेन्डोच्या स्वस्त यंत्रात त्यासाठी खास सोय होती, महागड्या पीसीत नव्हती. म्हणून डेव्ह पडद्याच्या काठाशी पोहोचला की दृश्य झटका देऊन बदलत असे. सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील सॉफ्टडिस्क या कंपनीत काम करणाऱ्या जॉन कारमॅक यांनी एक तोडगा काढला. सगळे चित्र पुन्हा न काढता जेवढे तुकडे बदलले तेवढेच काढायचे. टॉम हॉल यांच्या मदतीने एका रात्रीत त्यांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ची पहिली पातळी पीसीवर उतरवली, मारिओच्या जागी डेव्हचे चित्र बसवले आणि ती फ्लॉपी रोमेरो यांच्या टेबलावर ठेवून दिली.

पुढे या चमूने सुपर मारिओ ब्रदर्स ३ चा पीसीवरील नमुना निन्टेन्डोला दाखवला. कंपनीने नकार दिला. मग तेच तंत्र वापरून डिसेंबर १९९० मध्ये ‘कमांडर कीन’ हा खेळ निघाला आणि १९९१ मध्ये आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी उभी राहिली. निन्टेन्डोस दाखवलेला तो नमुना २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयात दाखल झाला.

आपल्याकडचा मारिओ सावकाश का होता?

भारतात १९९० च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत जे ‘टीव्ही गेम’ आले, ते बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होते. कंट्रोलरला रिमोट म्हणत, कार्ट्रिजला कॅसेट. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि आत तेच दहा-बारा खेळ फिरून फिरून येत. लागली नाही की फुंकर मारायची. या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. परंतु एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीने. या पद्धतीत टीव्हीवर सेकंदाला ६० नव्हे, तर ५० वेळा चित्र उमटते. सुपर मारिओ ब्रदर्सचे सगळे गणित मात्र फ्रेमवर बेतलेले आहे, सेकंदावर नाही. निन्टेन्डोने युरोपातील ५० हर्ट्‌झच्या टीव्हीसाठी वेगाचे आकडे बदलून स्वतंत्र आवृत्ती काढली होती. नकली कॅसेटमध्ये असा उपद्व्याप कोण करणार? मूळ ६० हर्ट्‌झचा खेळ पाल टीव्हीसाठी बनवलेल्या ५० हर्ट्‌झच्या यंत्रात घातला, की तो एकषष्ठांशाने मंदावतो.

म्हणजे शिखरावर पोहोचायला मारिओला जपानमध्ये ०.५३ सेकंद लागत असताना अशा यंत्रावर ०.६४ सेकंद लागत. उडीची उंची तीच, चार विटा, लांबीही तीच, फक्त वेळ अधिक. कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळसुद्धा फ्रेमच मोजते, दर २४ फ्रेमला एक अंक, त्यामुळे तेही त्याच प्रमाणात मंदावलेले. कोजी कोंदो यांचे संगीत देखील फ्रेमच्याच ठेक्यावर चालते. सूर जवळपास तेच, लय मात्र विलंबित. सगळेच एकदम मंद झाल्यामुळे काही बिघडले आहे हे कळण्यास मार्ग नव्हता. ज्यांच्या घरी असे यंत्र होते त्या मुलांचा हात एका वेगळ्याच मारिओवर बसला.

हात बसणे हा शब्दप्रयोग येथे अक्षरशः घ्यावा लागेल. अनेक वर्षांनी मूळ वेगाने हा खेळ खेळण्याची संधी आली तेव्हा प्रस्तुत लेखक पहिल्या पातळीतील दुसऱ्याच खड्ड्यात पडला, आणि मग पुन्हा पडला. पाल्यांसमोर झालेली ही शोभा विसरण्यासारखी नाही. डोळ्यांना रस्ता पाठ होता. अंगठा मात्र दशांश सेकंद उशिरा येत होता.

उशीर नेमका कुठे शिरतो?

आज हे जुने खेळ मोबाइलवर, संगणकावर आणि नव्या यंत्रांवर सहज उपलब्ध आहेत. निन्टेन्डोने स्वतः २०१६ मध्ये ३० खेळ भरलेले छोटे एनईएस विक्रीस आणले. आज्ञावली तीच असते, आकडे तेच असतात. तरीही खूपदा जुने खेळाडू म्हणतात, ‘पूर्वीसारखी मजा नाही.’ हा केवळ वयाचा दोष नव्हे.

आधुनिक सपाट टीव्ही येणारे चित्र थेट दाखवत नाही. ते आधी साठवतो, मोठे करतो, रंग आणि धार सुधारतो आणि मग पडद्यावर पाठवतो. त्यात काही फ्रेम खर्ची पडतात. बिनतारी कंट्रोलर, जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर, संगणकाची कार्यप्रणाली हे प्रत्येकजण आपापला वाटा घेतात. समजा, सगळे मिळून चार फ्रेमचा उशीर झाला. आकडा क्षुल्लक वाटतो, सेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग. पण पूर्ण वेगात धावणारा मारिओ तेवढ्या काळात दहा पिक्सेल पुढे गेलेला असतो, म्हणजे अर्ध्याहून अधिक वीट. काठावर पाय टेकताच घेतलेली उडी प्रत्यक्षात काठापलीकडे सुरू होते, म्हणजेच होत नाही. मेंदू या उशिराशी जुळवून घेतोही. मात्र मग नियंत्रण हातातून सुटते आणि अंदाजाचा खेळ सुरू होतो.

नव्या पिढीच्या रचनाकारांनी ही अडचण ओळखून सवलती वाढवल्या. २०१८ मधील ‘सेलेस्ट’ या गाजलेल्या खेळात कडा सोडल्यानंतरही दशांश सेकंदापर्यंत उडी ग्राह्य धरली जाते, आणि उडीच्या शिखरापाशी बटण धरून ठेवल्यास गुरुत्वाकर्षण निम्मे होते. मारिओतील पक्षपाताचेच हे वाढवलेले रूप. जुन्या खेळांत मात्र अशी सवलत मागाहून घालता येत नाही. घातली तर तो खेळ तो राहत नाही. म्हणून जतन करणाऱ्यांनी दुसऱ्या वाटा शोधल्या आहेत. काही सॉफ्टवेअर खेळ गुपचूप एक-दोन फ्रेम पुढे चालवून पाहते आणि तो पुढचा निकाल आधी दाखवते, जेणेकरून उशीर भरून निघावा. काही कंपन्या जुन्या यंत्राचे विद्युत मंडलच नव्या चिपमध्ये जसेच्या तसे उभे करतात. आणि काही संग्राहक पिक्चर ट्यूबचे जुने, जडशीळ टीव्ही जिवापाड सांभाळतात. भंगारवाल्याला दिलेल्या आपल्या टीव्हीबद्दल हळहळ वाटावी असे हे कारण आहे.

या खेळाच्या अतिवेगवान पूर्ततेची स्पर्धा खेळणाऱ्यांना हा प्रश्न सर्वाधिक जाणवतो. २०२१ मध्ये प्रथमच एका खेळाडूने संपूर्ण सुपर मारिओ ब्रदर्स ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत पुरा केला. पातळी संपली की नाही हे खेळ दर २१ फ्रेमलाच पाहतो, त्यामुळे तेथे वेळ वाचतो तो ०.३५ सेकंदाच्या ठोक हप्त्यांत. एक फ्रेम हुकली तर पुढच्या हप्त्याची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी चार फ्रेमचा उशीर म्हणजे शर्यत संपल्यात जमा.

आपल्या घरच्या टीव्हीवर किती उशीर होतो, हे पाहण्यास खर्चिक उपकरण लागत नाही. अनेक मोबाइलमधील कॅमेरा संथ चित्रणासाठी सेकंदाला २४० चित्रे टिपतो. खेळणाऱ्याचा अंगठा आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा मोबाइल उभा करावा, उडीचे बटण आठ-दहा वेळा दाबावे, आणि मग ते चित्रण एकेक चित्र पुढे सरकवत पाहावे. अंगठा खाली टेकल्यापासून मारिओचे पाय सुटेपर्यंत जितकी चित्रे मोजली जातील, त्यांना चारने भागले की उशीर फ्रेममध्ये मिळतो. पिक्चर ट्यूबवर हा आकडा एक-दोनच्या आसपास येतो. तो सहाच्या पुढे गेला, तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ सुरू करून पाहावा आणि पुन्हा मोजावे.